दुकानातला जुना कॉम्प्युटर : साफसफाई, बिघाडाची तपासणी आणि थांबायचं कुठे



परवाच्या व्हिडिओत मी माझ्या दुकानातला जुना डेस्कटॉप टेबलावर आडवा ठेवून तुमच्यासमोर उघडला होता. आत निघालेली धूळ बघून बऱ्याच जणांना हसू आलं असेल, पण खरं सांगा, तुमचा कॅबिनेट शेवटचा कधी उघडला होता? व्हिडिओ बघताना हातात स्क्रू ड्रायव्हर असतो, पॉज कुठे करायचं ते कळत नाही. म्हणून सगळं इथे क्रमाने लिहिते आहे. प्रिंट काढा आणि शेजारी ठेवून काम करा.

पण आधी माझी एक चूक सांगते. या लेखाचं मूळ तिच्यातच आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझं दुकान स्टेशनरी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं, तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या रस्त्याला. दिवाळीला नऊ दिवस राहिले होते. सकाळी शटर उघडलं, कॉम्प्युटर चालू केला, तर आतून टिक्-टिक्-टिक् आवाज आणि स्क्रीनवर काळ्यावर पांढरी एक ओळ. मी काय केलं? बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. असं दहा-बारा वेळा. दुपारी दुरुस्तीवाले दादा आले, आवाज ऐकला आणि म्हणाले, "ताई, हार्ड डिस्क गेली. बॅकअप आहे ना?"

बॅकअप होता. त्याच हार्ड डिस्कच्या डी ड्राइव्हमध्ये!

बीबीएला आम्हाला जोखीम कशी सांभाळायची ते शिकवलं होतं आणि मला त्यात मार्कही चांगले पडले होते. तरीही चार महिन्यांची उधारीची यादी, दोन शाळांच्या वह्यांची बिलं, सगळं त्या एका डब्यात होतं. माझ्या अंदाजाने चाळीस हजारांच्या वर येणं बाकी होतं. लोकांना तोंडी विचारून विचारून साधारण अठ्ठावीस हजार जमले. एक निवृत्त गुरुजी स्वतःची छोटी डायरी घेऊन आले आणि म्हणाले, "माझ्याकडून सहाशे चाळीस निघतात, लिहून घे." सगळेच गिऱ्हाईक डायरी ठेवत नाहीत. बाकीचे बारा हजार ही माझी फी समजा, या धड्याची.

वाईट याचं वाटलं की त्या मशीनने मला तीन आठवडे आधीपासून सांगितलं होतं. फाइल उघडायला वेळ लागत होता. सुरू होताना ते स्वतःहून डिस्क तपासायला लागायचं आणि मी घाईत बटण दाबून ते टाळायचे. कॉम्प्युटर अचानक मरतो असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा तो आधी आजारी पडलेला असतो.

पहिलं काम : डेटा बाहेर काढा

कॉम्प्युटर कसाबसा का होईना, चालतोय ना? मग स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा. आधी डेटा बाहेर. साफ करताना एखादी केबल सैल झाली, कॉम्प्युटर पुन्हा सुरूच झाला नाही, तर निदान हिशोब तरी हातात राहील.

काय काय काढायचं? बिलिंग किंवा टॅलीचा बॅकअप (त्या सॉफ्टवेअरमधल्या बॅकअपच्या पर्यायातूनच घ्या), उधारीच्या एक्सेल फाइल, जीएसटीचे रिटर्न आणि खरेदी-विक्रीची बिलं, गिऱ्हाइकांची ऑर्डरची कामं, आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड एका वहीत. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे दोन फोल्डर विसरू नका. आपलं अर्धं दुकान तिथेच पडलेलं असतं.

जीएसटी नोंदणी असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवा. कायद्याप्रमाणे हिशोबाच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. "कॉम्प्युटर बिघडला होता" हे उत्तर तिथे पुरणार नाही.

आणि हो, बॅकअप म्हणजे वेगळ्या वस्तूवर, वेगळ्या जागी. माझी पद्धत अशी : एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी गूगल ड्राइव्हवर. बाहेरची डिस्क रात्री माझ्यासोबत घरी येते. दुकानात पाणी शिरलं किंवा चोरी झाली तर कॉम्प्युटर आणि शेजारचा पेनड्राइव्ह दोन्ही एकदमच जातात.

आता महत्त्वाची सूचना. आतून टिक्-टिक् किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल तर माझ्यासारखं चालू-बंद करत बसू नका. हार्ड डिस्कमध्ये एक चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्यांनी फिरते आणि वाचणारा हेड तिच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतो. हेड बिघडलेला असताना प्रत्येक वेळी चालू करणं म्हणजे त्या चकतीवर आणखी ओरखडे पाडणं. डेटा महत्त्वाचा असेल तर मशीन बंद करा, प्लग काढा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्या जाणकाराकडे न्या. अशा डिस्कवर चेकडिस्कसारखी दुरुस्तीही चालवू नका. ती पूर्ण डिस्क खरवडून बघते आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच मरते. आधी कॉपी, मग दुरुस्ती.

दुसरं काम : लक्षण लिहून काढा

डॉक्टरकडे जाऊन आपण "बरं नाही" एवढंच म्हणत नाही. कधीपासून, कुठे, किती वेळाने, हे सांगतो. कॉम्प्युटरचंही तसंच करा. दोन दिवस एक कागद शेजारी ठेवा आणि काय झालं, किती वाजता झालं, त्या वेळी काय चालू होतं ते लिहा. मग खालच्या लक्षणांशी जुळवा.

काहीच होत नाही, दिवाही लागत नाही : आधी सॉकेट तपासा, त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग पॉवर केबल, मग यूपीएस, मग कॅबिनेटच्या मागचं छोटं स्विच. केबल बदलून बघण्याआधी एसएमपीएसला दोष देऊ नका.

पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, किंवा बीप-बीप आवाज : आधी मॉनिटरची केबल, मग रॅम. धुळीमुळे रॅमचा संपर्क सुटणं हे जुन्या मशीनचं फार नेहमीचं दुखणं आहे.

वीस-पंचवीस मिनिटं चालतो आणि पट्कन बंद होतो, थंड झाल्यावर पुन्हा चालतो : उष्णता. धूळ, बंद पडलेला पंखा किंवा वाळलेली थर्मल पेस्ट.

कधीही, काहीही कारण नसताना रीस्टार्ट : एसएमपीएस किंवा रॅमवर संशय घ्या. वीज वारंवार फडफडत असेल तर यूपीएसची बॅटरीही तपासा.

तारीख-वेळ रोज मागे जाते : मदरबोर्डवरचा सेल संपला. हे क्षुल्लक वाटतं, पण तारीख चुकली की बँकेची आणि सरकारी संकेतस्थळं "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाहीत, आणि बिलावर भलत्याच वर्षाची तारीख छापली जाते.

सगळंच हळू, फाइल उघडताना अडकतो, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दाखवते : हार्ड डिस्क थकली आहे किंवा रॅम अपुरी पडते आहे.

निळी स्क्रीन : रॅम, डिस्क किंवा ड्रायव्हर. स्क्रीनवर आलेला कोड मोबाइलने फोटो काढून ठेवा. दुरुस्तीवाल्याचा अर्धा तास वाचतो.

तिसरं काम : साफसफाई

दुकानातली धूळ घरातल्या धुळीसारखी नसते. माझ्याकडे झेरॉक्सच्या टोनरची भुकटी आणि कागदाचा कचरा. किराणा दुकानात पीठ. आणि आपल्या सगळ्यांकडे रोजची उदबत्ती. तिच्या धुराचा तेलकट थर आत बसतो आणि त्यावर धूळ चिकटून नमदा तयार होतो. देवाचा फोटो कॅबिनेटच्या डोक्यावर असेल तर आज तो हलवा. देव रागावणार नाही.

हा नमदा काय करतो? प्रोसेसरच्या डोक्यावर हीट सिंक असतं, म्हणजे बारीक पात्यांचा धातूचा तुकडा. पंखा त्या पात्यांमधून हवा ढकलतो. पाती बुजली की पंखा फिरतो, पण हवा जात नाही. प्रोसेसर तापतो, स्वतःला वाचवायला आधी वेग कमी करतो (आपल्याला वाटतं "स्लो झाला") आणि तरीही तापला तर सरळ बंद होतो. शिवाय बोर्डावरच्या कॅपॅसिटरचं आयुष्य उष्णतेने घटतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं.

सामान : फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, रंगकामाचा नवा मऊ ब्रश, हाताचा ब्लोअर, पांढरं खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोल (इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात मिळतं), सुती कापड, थर्मल पेस्टची छोटी ट्यूब, आणि स्क्रू ठेवायला वाट्या. नाकाला मास्क बांधा.

आता क्रम :

१. कॉम्प्युटर रीतसर बंद करा. प्लग काढा. मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला करंट उतरतो.

२. मागच्या सगळ्या केबलचा फोटो काढा आणि मग त्या सोडवा. कॅबिनेट दुकानाबाहेर किंवा मागच्या अंगणात न्या. माझ्यासारखं काउंटरवर ब्लोअर मारला तर वह्यांचे गठ्ठे झटकत बसाल.

३. डाव्या बाजूची पट्टी मागचे दोन स्क्रू काढून मागे सरकवा. आतला फोटो काढा. एक नाही, चार काढा. परत जोडताना हाच तुमचा नकाशा.

४. आतल्या भागाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा. अंगातली स्थिर वीज चिपला मारू शकते. नायलॉनचे कपडे आणि गालिचा टाळा.

५. ब्लोअर एक फुटावरून मारा. पंख्यांची पाती बोटाने किंवा आइस्क्रीमच्या काडीने धरून ठेवा, हवेने गरगर फिरू देऊ नका. बेअरिंग खराब होतं. गॅरेजमध्ये नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तिचा दाब जास्त असतो आणि तिच्यात पाण्याचे थेंब येतात. घरचा व्हॅक्यूम क्लीनरही आत फिरवू नका, त्याच्या नळीतून स्थिर वीज तयार होते.

६. हीट सिंकमधला नमदा ब्रशने सुटा करून मग हवा मारा. जाळ्या, पुढची प्लास्टिकची पट्टी ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळवा.

७. एसएमपीएसला फक्त बाहेरून, जाळीतून हवा. तो डबा उघडायचा नाही. प्लग काढल्यानंतरही त्यातले कॅपॅसिटर काही वेळ धोकादायक व्होल्टेज धरून ठेवतात. त्यात पाल मेलेली दिसली तरी उघडू नका, बदलून टाका.

८. रॅमच्या दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडून पट्टी सरळ वर काढा. सोनेरी दातांवर खोडरबर हलक्या हाताने, एकाच दिशेने फिरवा. चुरा झटका, अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. परत बसवताना पट्टीची खाच आणि स्लॉटची खाच जुळवा आणि दोन्ही टोकांना "टक्" आवाज येईपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली रॅम हे साफसफाईनंतर कॉम्प्युटर सुरू न होण्याचं पहिलं कारण असतं. घाबरून जाऊ नका, काढून पुन्हा बसवा.

९. सेल बदला. सीआर २०३२ नंबरचा, ३ व्होल्टचा, मोठ्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सपाट, अधिकचं चिन्ह असलेली बाजू वर. नंतर सुरू करून बायोसमध्ये तारीख-वेळ लावा.

१०. मशीन चार-पाच वर्षं जुनं आहे आणि तापतं, तरच थर्मल पेस्टला हात लावा. आधी कॉम्प्युटर पाच मिनिटं चालवा म्हणजे जुनी पेस्ट मऊ होते, मग बंद करून प्लग काढा. हीट सिंक थेट उपटू नका, किंचित डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. काही मॉडेलमध्ये प्रोसेसरच सॉकेटमधून चिकटून वर येतो आणि पिना वाकतात. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा, नवी छोट्या वाटाण्याएवढी मधोमध ठेवा आणि हीट सिंक सरळ दाबा. पोळीला तूप लावतो तशी भरपूर लावायची नाही.

११. आत असताना डोळे उघडे ठेवा. छोट्या नळकांड्यांसारखे कॅपॅसिटर फुगलेत का, डोक्यावर तपकिरी डाग आहे का, उंदराने वायर कुरतडली आहे का, जळका वास येतो का? यातलं काही दिसलं तर तिथे थांबा आणि जाणकाराला दाखवा.

चौथं काम : एकेक भाग तपासा

साफसफाईने बरीच दुखणी जातात, सगळी नाही. उरलेल्यासाठी एकच नियम : एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, केबल, एसएमपीएस एकदम बदललं आणि चालू झालं, तर दोष कशात होता ते कळत नाही आणि तुम्ही तिन्हीचे पैसे देऊन बसता.

हार्ड डिस्क : क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची नोंदवही वाचून दाखवतं. निळा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. त्यात "रीअलोकेटेड सेक्टर" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या दोन ओळी बघा. पहिली म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा, दुसरी म्हणजे वाचायला त्रास देणाऱ्या जागा. आकडा आठवड्याला वाढत असेल तर डिस्क निरोप घेते आहे. माझ्या त्या दिवाळीच्या आधी मी हे एकदा जरी चालवलं असतं!

रॅम : विंडोजच्या शोधात "विंडोज मेमरी डायग्नोस्टिक" टाका, ते रीस्टार्ट करून तपासतं. रात्री लावून घरी जा. दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून एक-एक दिवस चालवून बघा.

उष्णता : बायोसमध्ये किंवा तापमान दाखवणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बघा. काही काम चालू नसताना ४०-५० अंशांच्या आसपास असेल तर चिंता नाही. जोर पडल्यावर ९० च्या पुढे जात असेल तर हवा किंवा पेस्टचा प्रश्न आहे. मे महिन्यात, पत्र्याच्या दुकानात आकडा थोडा वर राहणारच.

एसएमपीएस : घरच्या घरी खात्रीचा उपाय म्हणजे दुसरा, चांगला चालणारा एसएमपीएस लावून बघणं. ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे तपासणीसाठी एक असतोच. मल्टिमीटर वापरता येत असेल तर मदरबोर्डला जोडलेला, चालू असताना पिवळी वायर १२, लाल ५ आणि नारिंगी ३.३ व्होल्टच्या पाच टक्क्यांच्या आत हवी. येत नसेल तर चालू मशीनमध्ये टोकं घालू नका.

अर्थिंग : कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात का? मग कॉम्प्युटर उघडण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. तीन पिनांचा प्लग असला म्हणजे भिंतीत अर्थिंग असतंच असं नाही. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. तो तापताना एकदम जास्त करंट ओढतो आणि यूपीएस कॉम्प्युटरसकट बसतो.

पाचवं काम : पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

इथे आपण दुकानदार म्हणून विचार करायचा. मशीन धडधाकट आहे, फक्त हळू आहे, तर सगळ्यात जास्त फरक पडतो तो हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकल्याने. त्यानंतर रॅम. रॅम घेताना जुनी पट्टी सोबत न्या. डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसत नाही. पण एसएसडी आली म्हणून बॅकअप थांबवू नका. हार्ड डिस्क निदान टिक्-टिक् करून सांगते, एसएसडी बऱ्याचदा न सांगताच जाते.

मदरबोर्ड गेला असेल तर मात्र माझा सल्ला : थांबा. जुन्या प्रोसेसरला जुळणारा बोर्ड शोधायचा, तोही कुणीतरी वापरलेला, आणि वॉरंटी नाही. ही भावनिक गुंतवणूक झाली, व्यवहार नव्हे.

मधल्या परिस्थितीत हा हिशोब करा. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या गावचे दर आणि तुमच्या दुकानाचे आकडे घाला. समजा, दुरुस्तीला ५,५०० रुपये लागतील आणि त्यावर मशीन अजून १८ महिने चालेल. म्हणजे महिन्याला साधारण ३०५ रुपये. नवा कॉम्प्युटर ३०,००० चा आणि ५ वर्षं चालेल, तर महिन्याला ५०० रुपये. दुरुस्ती स्वस्त वाटते ना? आता तिसरा आकडा घाला, जो कुणी घालत नाही. कॉम्प्युटरवरच्या कामातून तुम्हाला दिवसाला १,२०० रुपये सुटतात आणि जुनं मशीन दोन महिन्यांतून तीन दिवस बंद असतं. म्हणजे दोन महिन्यांत ३,६०० बुडाले, महिन्याला १,८००. आता जुन्याचा खरा खर्च झाला २,१०५ रुपये महिना. बंद पडलेल्या दिवसाचं बिल कुणी छापून देत नाही, म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

उलटही खरं आहे. दुरुस्तीनंतर मशीन एकही दिवस बंद पडत नसेल तर नव्याचा हट्ट धरू नका. ते पैसे मालात घाला.

आणखी दोन गोष्टी या हिशोबात धरा. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. तुमचं मशीन त्यात बसत नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करणं ही जोखीम आहे, मशीन कितीही स्वच्छ असलं तरी. दुसरं, आयकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के दराने घसारा मिळतो, आणि तुम्ही जीएसटीत नियमित योजनेत असाल तर खरेदीवरच्या कराची वजावटही मिळते. कंपोझिशनमध्ये असाल तर ती मिळत नाही. खरेदीआधी तुमच्या कर सल्लागाराला एक फोन करा आणि बिल दुकानाच्या नावाने घ्या.

जुना देताना

आपल्या दुकानात लोक आधार, पॅन, सातबारा, मुलांचे दाखले घेऊन येतात. स्कॅन करताना त्या फाइल राहून जातात. भंगारवाल्याला कॉम्प्युटर देताना आपण गिऱ्हाइकांची कागदपत्रं त्याच्या टेम्पोत टाकतो, हे लक्षात आहे का? रीसायकल बिन रिकामा केला म्हणजे फाइल गेली असं नाही. डिस्क पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर वापरा, किंवा डिस्क काढून स्वतःकडे ठेवा. बिघडलेली डिस्क असेल तर ती फोडूनच टाका. उरलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या.

सवय लावून घ्या

रोज दुकान बंद करताना बिलिंगचा बॅकअप. दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर सगळा बॅकअप. दर महिन्याला डिस्कची तपासणी, आणि सी ड्राइव्हमध्ये पाचवा भाग तरी मोकळा आहे का ते बघणं. दर तीन महिन्यांनी बाहेरून हवा, वर्षातून दोनदा आतली साफसफाई. मी एक पाडव्याला करते आणि एक दसऱ्याला, यंत्राची पूजा करायच्या आधी. फुलं वाहायची ती स्वच्छ मशीनवर. आणि तीन महिन्यांतून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा नुसता विश्वास असतो.

शेवटचं. उधारीची वही मी आजही हाताने लिहिते. कॉम्प्युटरवर चढवते ते नंतर. गुरुजींची ती छोटी डायरी बघितल्यापासून.

आजचा गृहपाठ एकच : हा लेख वाचून झाला की उठा आणि आधी बॅकअप घ्या. कॅबिनेट रविवारी उघडा. पुढच्या भागात आपण दुकानातला प्रिंटर आणि प्रत्येक पानाचा खरा खर्च काढायला शिकू. भेटूच.